गवतातली मरळ आणि रबरी बेडूक

अकोल्याहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा. मुलगा अकरावीत. रविवार उजाडला की मित्राच्या गाडीवर बसून तलावावर जातो तो दुपारी उन्हं तापल्यावर परत. परवा कपाट आवरताना पुस्तकांमागे एक डबा सापडला. त्यात हिरवे-पिवळे रबरी बेडूक, जांभळी गांडुळं आणि हे एवढाले गळ. एकेक बेडूक दीडशे रुपयांचा! ‘घरात दोन शब्द बोलत नाही, तिथं मात्र तासन्‌तास कुंभीकडे बघत बसतो. सासूबाई म्हणतात, गळ टाकणं हे भोयाचं काम, आपल्या घरात कुणी केलं नाही. ह्यांनी तर डबाच उकिरड्यावर फेकायला काढला होता. मला बाई पाण्याची भीती वाटते. बंद करू का सगळं?’

बंद करू नका. डबाही फेकू नका. एक रविवार त्याच्याबरोबर तुम्हीच जा आणि त्याच्याकडून शिकून घ्या.

हसू नका. अमरावतीत माझ्या भाच्याने मला हे शिकवलं तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. साडी गुडघ्याशी खोचून, डोक्यावर ह्यांची जुनी टोपी घालून मी धरणाच्या काठावर उभी राहिले, तेव्हा दोन गुराखी पोरं गुरं विसरून माझ्याकडे बघत बसली. पण त्या दोन तासांत भाचा माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं वर्षभरात बोलला नव्हता. पंधरा-सोळाचं पोर समोरासमोर बसवून बोलतं करता येत नाही. शेजारी उभं राहून दोघांनी पाण्याकडे बघावं लागतं. शिवाय जी गोष्ट आपल्याला येत नाही, तिच्यातला धोका कुठला खरा आणि कुठला मनाचा, हेही आपल्याला कळत नाही. म्हणून म्हणते, आधी शिका.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, इ. स. ११३०च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसं करावं, काय खावं, कशी करमणूक करावी असं सगळं त्यात आहे, आणि त्यात मत्स्यविनोदावर, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या करमणुकीवर, एक प्रकरणच आहे. कुठल्या माशाला काय आमिष लावावं हेसुद्धा राजाने लिहून ठेवलं आहे. इंग्लंडात १४९६ साली या विषयावरचं पहिलं पुस्तक छापलं गेलं, ते एका मठातल्या जोगिणीने लिहिलं असं परंपरेने मानतात. आणि स्कॉटलंडच्या टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईने गळाने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा, सामन मासा काढला. नावेत तिच्याबरोबर तिचे वडील होते. ब्रिटनमधला तो विक्रम आजवर कुणा पुरुषालाही मोडता आलेला नाही. राहता राहिली भोयाच्या कामाची गोष्ट. भोई-ढिवरांच्या घरातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणतात, शिंगाडे काढतात, मासळी बाजारात नेऊन विकतात. पाण्याची जी समज त्यांना आहे, ती आपल्याला चार जन्मांत यायची नाही. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला? माझी शिकवणी तर अर्धी भाच्याकडे आणि अर्धी बाजारातल्या मासळीवाल्या मावशीकडे झाली. तिचं म्हणणं पुढे येईलच.

आता ते रबरी बेडूक. खरं तर ते रबराचे नसतातच. पाण्याचे पाईप ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे होतात, त्याच जातीच्या प्लॅस्टिकमध्ये तेलकट द्रव्य घालून ते मऊ करतात आणि साच्यात ओततात. याचा जन्म कुठे झाला ठाऊक आहे? स्वयंपाकघरात! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाचे गृहस्थ आणि त्यांची बायको कॉस्मा यांनी १९४९ साली घरच्या शेगडीवर प्लॅस्टिक, तेल आणि रंग असं शिजवून पहिलं मऊ गांडूळ ओतलं. पुढे ते टपालाने विकायला लागले आणि बघता बघता त्याचा मोठा कारखाना झाला. लोणच्या-पापडाच्या घरगुती धंद्यासारखीच ही कथा. कॉस्माबाईंच्या शेगडीचं पुढे काय झालं ते मात्र कुणी लिहीत नाही. घासली असेल बिचारीने.

हे खोटं आमिष लागतं कशाला, असं तुम्ही विचाराल. कणकेची गोळी किंवा खरं गांडूळ लावून गळ टाकला तर चालत नाही का? मोकळ्या पाण्यात चालतं. पण आपल्या वऱ्हाडात मोकळं पाणी असतं कुठे? तलाव म्हटला की कडेला बेशरमाची झुडपं, त्यापुढे पाणकणीस, मग कुंभी नाहीतर कमळाची पानं, आणि पानांखाली शेवाळाचं जाळं. साधा गळ टाकला की पहिल्याच खेपेला गवताची पेंढी घेऊन वर येतो. आणि आपल्याला हवी असते ती मरळ नेमकी त्या गवताखालीच असते.

मरळ कधी जवळून पाहिली आहे? बाजारात पत्र्याच्या टोपल्यात जिवंत वळवळत असते ती. डोकं सापासारखं, अंग गोल आणि बुळबुळीत. इतर मासे पाण्याबाहेर काढले की थोड्याच वेळात मरतात, ही मात्र अंग ओलं राहिलं तर तासन्‌तास जगते. कारण कल्ल्यांच्या वर तिला हवा भरून घ्यायची एक पोकळी असते. पाण्यातही तिला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून उन्हाळ्यात तळं आटून गढूळ झालं, बाकीची मासळी तडफडायला लागली, तरी मरळ टिकते. मृगाला हैदराबादेत दम्याच्या रोग्यांच्या घशात जिवंत पिलू सोडतात ना, ते बहुधा हिचंच. (औषध म्हणून त्याला शास्त्राचा आधार नाही हो. दमा असेल तर डॉक्टरांचं औषध सोडू नका.) तेलंगणाने तर मरळेला राज्याचा मासा करून टाकलं आहे.

ही बया पानांच्या छपराखाली दबा धरून बसते. वरून बेडूक, उंदराचं पिलू, चतुर, काही गेलं की खालून झडप. तेव्हा आपलं आमिष पानांवरून सरकायला हवं आणि अडकायला नको. रबरी बेडूक यासाठीच. तो आतून पोकळ असतो, आणि दोन गळ त्याच्या पाठीला चिकटून, टोकं वर करून लपलेले असतात. पानांवरून ओढला तर टोकांना काही लागत नाही. मरळेने जबडा मिटला की पोकळ अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात. बस, एवढीच युक्ती.

गांडुळाची तऱ्हा थोडी निराळी. त्याच्या डोक्यातून गळाचं टोक थोडंसं घालून बाहेर काढायचं, गळ फिरवून घ्यायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात, अगदी कातडीखाली, लपवायचं. आपण ब्लाऊजला आतून टाका घालतो आणि बाहेर दिसू देत नाही, तसं. पुढे दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लहानसं वजन ओवतात, म्हणजे गवताच्या फटीतून ते सरळ खाली जातं. या पद्धतीला टेक्सास राज्याचं नाव आहे. गांडूळ सरळ बसलं पाहिजे, वाकडं बसलं तर पाण्यात गरगर फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो. ज्यांचे हात सुईदोऱ्याला सरावलेले आहेत, त्यांना हे मुलांपेक्षा लवकर जमतं, हा माझा अनुभव. भाच्याची गांडुळं आता मीच लावून देते.

रॉड साडेसहा-सात फुटी, बऱ्यापैकी ताठ घ्यावा. रीळ साधं, ज्याची तार बोटाने उलटवतात ते. मुलं म्हणतील वरती बसणारं छोटं रीळ भारी असतं. असेल, पण शिकताना त्याच्यात दोऱ्याचा जो गुंता होतो, तो सोडवताना संध्याकाळ होते. दोरा मात्र तंगूस नको, विणलेला जाड दोरा हवा. तंगूस ताणला की लांबतो, आणि गवतातून मरळ ओढायची तर लांबणारा दोरा काय कामाचा?

शिकायला आधी तलावावर जाऊच नका. अंगणात किंवा गच्चीवर शिका. दोऱ्याला गळाऐवजी एक मोठं खोडरबर बांधा. तीस-पस्तीस फुटांवर एक घमेलं ठेवा आणि त्यात ते टाका. रॉड डोक्यामागे नेऊन जोर काढायचा नाही, मनगटाने झटका द्यायचा आणि दोऱ्यावरचं बोट नेमक्या क्षणी सोडायचं. लवकर सोडलं तर खोडरबर आभाळात जातं, उशिरा सोडलं तर पायाशी आपटतं. रोज पंधरा मिनिटं, आठ दिवस. दहापैकी पाच वेळा घमेल्यात पडायला लागलं की समजा तयारी झाली. वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब उभं राहा, एवढंच.

पाण्यावर पहाटे जा नाहीतर उन्हं कलल्यावर. अकोल्याचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, मरळेलाही दुपारी तोंड हलवायचा कंटाळा असतो. पोचल्याबरोबर गळ टाकू नका. दहा मिनिटं नुसतं बघा. कुठे पान हललं, कुठे बुडबुडा येऊन तरंग उठला, कुठे कुंभीत ताटाएवढी मोकळी जागा आहे, ते हेरा. बेडूक त्या मोकळ्या जागेत थेट आपटायचा नाही. पलीकडे पानांवर टाकायचा आणि मग लहान लहान झटक्यांनी, थांबत थांबत, जागेच्या कडेपर्यंत आणून पाण्यात घसरू द्यायचा. मग थांबायचं. तरंग विरेपर्यंत थांबायचं. बहुतेक झडपा थांबल्यावरच येतात.

आणि झडप आली की? फटकन पाणी फुटतं, छाती धडधडते आणि हात आपोआप वर उसळतो. इथेच सगळे फसतात. मरळेने बेडूक नीट तोंडात घेतलेला नसतो, तो सुटतो आणि गळासकट सणसणत आपल्या तोंडाकडे येतो. मनातल्या मनात एक-दोन म्हणायचं, दोरा हाताला जड लागला की मगच रॉड जोरात उचलायचा. उचलल्यावर मात्र दयामाया नाही. दोरा ढिला पडला की ती गवतात शिरून गाठ मारते. रॉड उंच धरून एकसारखं ओढायचं, म्हणजे ती पानांवरून घसरत येते. तिच्या तोंडात बोट घालू नका, दात बारीक पण धारदार असतात. गळ लांब पकडीने काढा.

आता घरातलं. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की डब्यातली गांडुळं एकमेकांना चिकटून लगदा झाला आहे. होणारच. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिला खड्डा पाडतो ना, तोच प्रकार. मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य कडक प्लॅस्टिकला खातं, आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. ज्या पाकिटात विकत आणली, त्याच पाकिटात ती ठेवावीत, निरनिराळ्या रंगांची एकत्र करू नयेत. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवली तर वाकडी होतात. वाकडी झालेली गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ करून ठेवली तर बरीचशी सुधारतात. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं मात्र द्यायचं नाही, एक जुना डबा वेगळा काढून द्या.

दुसरं फार महत्त्वाचं. ही गांडुळं दिसतात हुबेहूब मुलांच्या जेलीच्या गोळ्यांसारखी, आणि मासे भुलावेत म्हणून काहींना बडीशेपेसारखा नाहीतर लसणाचा वास लावलेला असतो. घरात रांगतं लेकरू असेल तर डबा उंच आणि कुलपात. वजनं बहुधा शिशाची असतात. मुलं ती दाताने दाबून दोऱ्यावर बसवतात, ती सवय मोडा, पकड द्या हातात. तलावावर शिदोरी सोडण्याआधी साबणाने हात धुवायचे. तुटकी गांडुळं आणि दोऱ्याचे तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकायचे नाहीत. ते कुजत नाहीत, मासे गिळतात, दोऱ्यात बगळ्यांचे पाय अडकतात, गुरांच्या पोटात जातं. घरी आणून दोऱ्याचे बारीक तुकडे करा आणि मगच कचऱ्यात.

गळ हातात रुतला तर? उलटा ओढू नका, त्याला मागे काटा असतो, मांस फाडून येतो. दोरा कापा, गळ तसाच ठेवून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. डोळ्याजवळ लागला तर हातसुद्धा लावायचा नाही, वर कागदी पेला झाकणासारखा धरून तडक मोठं हॉस्पिटल. शिकणाऱ्यांनी गळाचा मागचा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. एखादी मरळ सुटेल, पण गळ सहज निघेल. आणि टोपी व चष्मा, मग तो नंबराचा असो की उन्हाचा, त्याशिवाय कुणी रॉडजवळ उभं राहायचं नाही.

पाण्याची भीती. ती तुम्ही लिहिलीत, बरं केलंत, कारण ती खोटी नाही. पण धोका नेमका कशात आहे ते बघा. काठावर उभं राहून कुणी सहसा बुडत नाही. बेडूक कुंभीत अडकतो, दीडशे रुपये डोळ्यांसमोर येतात आणि पोरगा पँट वर करून पाण्यात उतरतो, तिथे घात होतो. काळ्या मातीचा तळ, पाय रुततो, दुसरा पाय शेवाळात गुरफटतो, आणि पट्टीचा पोहणाराही गवतात हात मारू शकत नाही. तेव्हा घरात एकच नियम करा, आणि तो ह्यांच्या तोंडून नव्हे, तुमच्या तोंडून येऊ द्या: अडकलेला बेडूक तोडायचा. दोरा हाताला गुंडाळून नाही, काठीला गुंडाळून सरळ मागे ओढायचा, तुटला तर तुटला. नव्या बेडकाचे पैसे आई देईल आणि एक शब्द बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा. रागावण्याच्या भीतीने पोरं पाण्यात उतरतात.

एकट्याने जायचं नाही हे तर आहेच. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनला झाकण घट्ट लावून वीस-पंचवीस हात दोरी बांधा, ती गाडीवर कायम असू द्या. कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी न मारता ती फेकायची. तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर २०२० साली चार तरुण बुडत होते. कपडे धुवायला आलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघे गेले. साडी म्हणजे साडेपाच वारांचा दोर आहे, हे त्या तिघींना त्या क्षणी सुचलं.

आता मावशीचं म्हणणं. मी मोठ्या उत्साहाने तिला माझ्या शिकवणीची हकिगत सांगत होते. मरळ सोलता सोलता ती म्हणाली, ‘बाई, गरी टाका, पन पानी पडल्यावर नोका टाकू. तिच्या पिल्लाइले कोन पाहीन मंग?’

तिचं म्हणणं पुढे मी समजून घेतलं. पावसाळा लागला की मरळ गवत बाजूला सारून गोल घरटं करते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप खाली पहारा देतात. पिलं निघाली की लालसर केशरी, दाण्याएवढी, शेकड्यांनी एका गोळ्यात फिरतात. हवा घ्यायला सगळी एकदम वर आली की पाणी उकळी फुटल्यासारखं दिसतं. आणि मोठी मरळ त्यांच्या खाली असतेच असते. त्या वेळी घोळक्याजवळून जे जाईल, बेडूक असो, साप असो, त्याच्यावर ती तुटून पडते. भुकेने नव्हे, पिलांसाठी. पोरांना हे मोबाइलवर बघून ठाऊक झालेलं आहे. घोळका शोधायचा, त्यावर रबरी बेडूक टाकायचा, मरळ हमखास. सगळ्यांत मोठ्या मरळेचे फोटो बरेचदा असेच निघालेले असतात. राखणारी गेली की ती पिलं दुसऱ्या माशांच्या, पाणसापांच्या, खंड्याच्या तोंडी जातात.

मला यात कौशल्यही दिसत नाही. आईला पोराच्या नावाने हाक मारून दाराबाहेर बोलवायचं आणि धरायचं, यात कसली शिकार? तुमच्या मुलाला गळ टाकायला जरूर जाऊ द्या, पण पावसाळ्याचे महिने रॉड माळ्यावर, आणि एरवीही केशरी घोळका दिसला तर बेडूक गुंडाळून दुसऱ्या जागी जायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. तो घोळका तुम्ही स्वतः त्याच्या शेजारी उभं राहून पाहिलात तर फार सांगावं लागणार नाही.

जायचं कुठे? मन मानेल तिथे नाही. आपल्याकडच्या बहुतेक तलावांतले आणि धरणांतले मासेमारीचे हक्क मत्स्य व्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पैसे खर्चून सोडते, तिच्या सभासदांचं पोट त्यावर आहे. आपल्याला रविवारची मौज, त्यांना रोजची भाकरी. आधी काठावरच्या माणसाला विचारायचं, तो जी पावती फाडेल ती घ्यायची, नाही म्हणाला तर राम राम करून परत यायचं. काटेपूर्णेच्या पाण्याभोवती अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रॉड बाहेरसुद्धा काढू नये. अमरावतीकर भगिनींनी वडाळी आणि छत्री तलाव फिरायलाच ठेवावेत हे बरं. त्या बाजूला पोहऱ्याचं जंगल लागून आहे, बिबट्याचा वावर आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत घर.

आणि कुंभी दिसली म्हणून मोर्णेवर जाऊ नका. अकोलेकरांना सांगायला नकोच. २०१८च्या जानेवारीत हजारो लोक हातात फावडी-घमेली घेऊन मोर्णेच्या पात्रातली कुंभी काढायला उतरले होते, साऱ्या देशात त्याचं नाव झालं. पण कुंभी इतकी माजते कशावर? सांडपाण्यातल्या खतावर. शहरातून वाहणाऱ्या, नाले पडणाऱ्या पाण्यातली मासळी खायची नाही, मग ती केवढीही गरगरीत असो. धरणाच्या वरच्या अंगाचं, शेताशिवारातलं पाणी बघा.

ज्यांच्या घरी चालत नाही, किंवा श्रावण आहे, त्यांनी मरळ सोडून द्यावी. आधी हात ओले करा, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमा चिघळतात. गळ काढा, पाण्यात धरा, ती आपण होऊन जाते. हवा घेणारी जात, सुटल्यावर बहुधा जगते.

खायची असेल तर पिशवीत तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक जोराचा घाव घालून काठावरच शांत करा, मांसही त्याने चांगलं राहतं. घरी आणल्यावर चुलीची राख नाहीतर जाडं मीठ अंगभर चोळा, बुळबुळीतपणा गेला की खवले काढायला सोपं. पोटातलं काढून मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवा. हिला काटे थोडे आणि मोठे, मुलांना द्यायला बरी. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट भाजून, लसूण-धण्याबरोबर बारीक वाटून, तेल सुटेपर्यंत परतायचं, तिखट आपापल्या घरच्या हिमतीप्रमाणे. रस्सा उकळला की मग तुकडे सोडायचे, आधी नाही. दहा-बारा मिनिटं पुरतात, डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं. ज्वारीची भाकर गरम असू द्या. हाताला वास राहतो म्हणून तक्रार असते, त्याला बेसन आणि लिंबाची साल चोळा, साबणापेक्षा ते बरं.